बकेट, बे आणि टोकन: गोल्फच्या रेंजवर पैसे नेमके कशाचे घेतात?

२०२२ च्या ऑगस्टपर्यंत बेळगावातल्या निम्म्या लोकांना गोल्फ मैदान आहे एवढंच माहीत होतं, आत काय चालतं ते नाही. मग जाधव नगरात बिबट्या दिसला, तो मैदानाच्या झाडीत शिरला, आजूबाजूच्या शाळांना सुट्ट्या पडल्या, शिमोग्याच्या सक्रेबैल कॅम्पमधनं हत्ती मागवले आणि गल्लीगल्लीत गोल्फ मैदान, गोल्फ मैदान सुरू झालं. तरी त्या खेळाबद्दल कुणी काही विचारलं नाही, सगळ्यांचं लक्ष बिबट्याकडं.

आता विचारतात. कारण आपल्या टिळकवाडी-शहापूरची, निपाणी-खानापूरची पोरं बेंगळुरू-पुण्याला नोकरीला आहेत, ऑफिसची टीम त्यांना शनिवारी ‘ड्रायव्हिंग रेंज’ला घेऊन जाते, आणि पोरगं फॅमिली ग्रुपवर तिथल्या रेटबोर्डचा फोटो टाकतं. मग काका विचारतात, हे बकेट म्हणजे काय, पाण्याचं का? बे म्हणजे काय? बॉलचे पैसे घेतात आणि बॉल घरी नेऊ देत नाहीत, हा कुठला न्याय? आपल्याकडं बोर्ड कुठल्या भाषेत असावा यावर आयुष्यं गेली लोकांची, पण हा बोर्ड कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्हीत लिहिला तरी पहिल्यांदा बघणाऱ्याला कळणार नाही. तेव्हा सावकाश बघूया.

आधी रेंज म्हणजे काय ते

गोल्फचं खरं मैदान म्हणजे कोर्स, ९ किंवा १८ होलचं (होल म्हणजे ज्यात बॉल घालायचा ते भोक). तिथं खेळायची जी फी असते तिला ग्रीन फी म्हणतात, ती वेगळी, कॅडीचे, म्हणजे खेळाडूची पिशवी उचलणाऱ्याचे, पैसे वेगळे, आणि बऱ्याच क्लबात मेंबर नाहीतर मेंबरचा पाहुणा असल्याशिवाय आत घेतच नाहीत. रेंज म्हणजे नुसती सरावाची जागा. एका टोकाला ओळीनं खण पाडलेले असतात, प्रत्येक खण म्हणजे एक बे. त्यात हिरवी मॅट, मॅटमधनं वर आलेली रबराची नळी, तिच्यावर बॉल ठेवायचा आणि समोरच्या मोकळ्या रानात हाणायचा. समोर ५०, १००, १५०, २०० यार्डांच्या पाट्या किंवा झेंडे (१०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर). शेजारी बरेचदा पटिंग ग्रीन असतं, म्हणजे होलात बॉल हळूच ढकलायचा सराव करायला बारीक कापलेल्या गवताचा तुकडा.

बाहेरच्या माणसाला या खेळात शिरायचं सगळ्यात सोपं दार म्हणजे ही रेंज. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ ला चौथी आलेली बेंगळुरूची अदिती अशोक आठवते? शनिवारी सकाळी अख्खा देश, ज्यांना बर्डी आणि बोगी यातला फरक माहीत नाही असेसुद्धा, टीव्हीसमोर बसला होता आणि एका फटक्यानं मेडल हुकलं. तिच्या घरी आधी कुणी गोल्फ खेळत नव्हतं. कर्नाटक गोल्फ असोसिएशनची रेंज दिसते अशा हॉटेलात तिच्या घरचे नाष्टा करायला जायचे, तिथनं पोरीनं लोकांना फटके मारताना बघितलं आणि आपणही करून बघूया म्हणाली. तेव्हा ती पाच वर्षांची होती. म्हणून ‘हे आपल्यासाठी नाही’ असं म्हणून बोर्डावरनं नजर फिरवू नका, वाचायला शिकूया.

सगळ्याचं मूळ एकच: बॉल आणायला जाता येत नाही

क्रिकेटच्या नेटमध्ये बॉल मारला की कुणीतरी जाऊन आणतं. रेंजवर दहा-वीस जण एका ओळीत उभे राहून एकाच रानात मारत असतात, त्यामुळं पुढं पाऊल टाकणं म्हणजे वेडेपणा. गोल्फचा बॉल वजनाला जेमतेम ४६ ग्रॅम, क्रिकेटच्या बॉलच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही हलका, पण मोठ्या प्रोफेशनल खेळाडूचा ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या स्टिकचा, फटका ताशी २७० किलोमीटरच्या आसपास वेगानं सुटतो. जगातला सगळ्यात जोरात टाकणारा बॉलर १६० ला पोचला की आपण टाळ्या वाजवतो. आणि हा बॉल दगडासारखा कडक. नवशिक्याचा फटका एवढ्या जोरात जात नाही हे खरं, पण कुठं जाईल हे त्याचं त्यालाही माहीत नसतं, तो उलट जास्त धोका.

म्हणून मारलेला बॉल तुम्ही आणत नाही, रेंजवाला आणतो. मोठ्या रेंजवर जाळीचा पिंजरा लावलेली गाडी फिरते, तिच्या पुढच्या चकत्यांच्या फटीत बॉल अडकून टोपल्यात पडतात. छोट्या ठिकाणी लांब नळी घेऊन माणसं वेचतात. मग ते धुवायचे, चिखल काढायचा, फुटके बाजूला करायचे, पुन्हा मशीनमध्ये ओतायचे. तुम्ही बकेटचे पैसे देता ते ह्या फेरीचे. गोटी सोड्याच्या बाटलीसारखं आहे बघा, पैसे सोड्याचे दिले, बाटली तिथंच ठेवायची, ती धुऊन पुन्हा भरणार. ‘बॉलचे पैसे दिले, मग बॉल माझा का नाही’ याचं उत्तर एवढंच. त्या बॉलवर ठळक पट्टा किंवा रेंजचं नाव छापलेलं असतं तेही म्हणूनच, कोर्सवर कुणाच्या पिशवीतनं निघाला की लगेच ओळखू येतो, आणि तसा निघणं म्हणजे सरळ चोरी धरतात, हसण्यावारी नेत नाहीत.

दुसरा खर्च जमिनीचा, आणि तो आपल्याला चटकन कळेल कारण आपल्याकडं कुठलीही गोष्ट शेवटी गुंठ्यावर येते. ३०० यार्ड लांब आणि १०० यार्ड रुंद रेंज करायची म्हटली तर सव्वासहा एकराच्या जवळपास जागा लागते, म्हणजे २४८ गुंठे. शहराच्या कडेला २४८ गुंठ्यांचे किती प्लॉट पडतात हा हिशोब बेळगावचा कुठलाही माणूस झोपेत करून देईल. तिथं एकही इमारत नाही, बाजूला उंच जाळ्या, आणि त्या गवताची कापणी, पाणी, वर्षभर. रेंज महाग का वाटते यात बॉलपेक्षा हा भाग मोठा असतो, पण बोर्डावर तो कुठं लिहिलेला नसतो.

आता बोर्ड वाचूया

साधारण तीन प्रकारे पैसे घेतात. पहिला बकेटवर, म्हणजे ५० किंवा १०० बॉलची टोपली; पैसे भरले की टोकन किंवा कार्ड मिळतं, ते मशीनला लावलं की बॉल धडधड टोपलीत पडतात (टोपली आधी खाली ठेवा बाबा, नाहीतर सगळे बॉल फरशीवर आणि मागं रांगेतले लोक हसायला मोकळे). दुसरा तासावर, तासाभरात हवे तेवढे मारा. तिसरा बे वर, हा जिथं स्क्रीन आणि कॅमेरे असतात तिथं जास्त, बॉल किती लांब गेला, किती वेगानं गेला ते लगेच दाखवतात. तिथं माणसामागं नाही तर अख्ख्या बेचे तासाला पैसे, त्यात चौघं वाटून घेऊ शकतात.

यातलं स्वस्त कुठलं? एका बॉलला किती पडतात ते काढायचं, बास. समजा, फक्त हिशोबापुरतं हं, ५० बॉलला २५० रुपये, १०० ला ४०० आणि तासाला ६०० हवे तेवढे. पहिल्यात बॉलला ५ रुपये, दुसऱ्यात ४. तासाचं भाडं वसूल करायचं तर ४ रुपयांच्या हिशोबानं १५० बॉल मारायला हवेत, म्हणजे दर २४ सेकंदाला एक फटका, तासभर, न थांबता. नवीन माणसाच्या तळहाताला त्याच्या आधीच फोड येतात आणि शेवटचे कितीतरी फटके तो नुसता घाम काढायला मारतो. पहिल्या दिवशी ५० ची टोपली भरपूर झाली. ‘अनलिमिटेड’ हा शब्द आपल्याला थाळीपासनं आवडतो पण इथं तो घेऊ नका.

यात न दिसणारे पैसे कुठले? स्टिक, म्हणजे ज्याला गोल्फमध्ये क्लब म्हणतात, तिचं भाडं बरेचदा वेगळं, आणि कुठं कुठं डिपॉझिटही. संध्याकाळी लाइट लावले की दर वेगळा, शनिवार-रविवार वेगळा. जीएसटी धरून आहे का वरनं लागणार ते आधी विचारा. आणि डावखुरे असाल तर निघायच्या आधी फोन कराच, कारण भाड्याच्या क्लबात डावऱ्या हाताचे एखाद-दुसरेच असतात आणि पाचशे किलोमीटर जाऊन भावाचे फटके बघत बसायची वेळ येते.

पटिंग ग्रीन कित्येक ठिकाणी फुकट किंवा अगदी कमी पैशात असतं, कारण तिथं बॉल हरवत नाही आणि कुणाला वेचायला पाठवावं लागत नाही. पण तिथले नियम कडक. ते गवत तीन-चार मिलिमीटर उंचीवर कापलेलं असतं, उंच टाचेचा बूट एकदा रुतला तरी खड्डा पडतो आणि नंतर प्रत्येकाचा बॉल तिथनं वाकडा जातो. म्हणून पळायचं नाही, पाय घासायचे नाहीत, लांबनं उंच फटका मारून त्यावर बॉल टाकायचा नाही.

‘मी माझे बॉल घेऊन गेलो तर?’

हा प्रश्न हमखास येतो, विशेषतः ज्याला कुणीतरी दुबईहून डझनभर चांगले बॉल आणून दिलेत त्याच्याकडनं. उत्तर एकच, चालत नाही. मारले की ते रानात हजार बॉलात मिसळले, तुम्हाला आणायला जाता येत नाही आणि वेचणारी गाडी तुमचे कुठले ते बघत नाही. शिवाय रेंजवाल्याला त्याच्या जागेचे पैसे मिळाले नाहीत ते वेगळंच.

रेंजचा बॉल आणि दुकानातला बॉल यात फरकही असतो. रेंजचा जास्त टिकाऊ, कव्हर कडक, आणि काही ठिकाणी तर मुद्दाम कमी लांब जाणारे बॉल ठेवतात, जागा लहान असली की जाळी ओलांडून शेजारच्या रस्त्यावर जायला नकोत म्हणून. त्यात हजारदा मार खाल्लेला असतो. त्यामुळं रेंजवर १५० च्या पाटीपर्यंत पोचला नाही म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही, आणि पाटीच्या पुढं गेला म्हणून स्टेटस ठेवायचंही कारण नाही.

‘समोर एवढं गवत आहे तर मॅटवरनंच का?’

आयर्न म्हणजे लोखंडी पात्याच्या क्लबनं नीट मारलं तर बॉलच्या पुढची हातभर नाही पण तळव्याएवढी माती गवतासकट उडते. त्याला डिव्हट म्हणतात आणि ती चूक नाही, तसंच मारायचं असतं. पण दिवसभर पन्नास जणांनी पन्नास-पन्नास मारले तर अडीच हजार तळव्याएवढे खड्डे झाले. म्हणून जिथं गवतावर मारू देतात तिथं दोरी बांधून पट्टा आखलेला असतो, तो पट्टा दर थोड्या दिवसांनी मागं-पुढं सरकवतात, मागचा भरून यायला वेळ देतात. दोरीच्या पलीकडनं मारलं की माणूस ओरडतो तो त्या गवतासाठी ओरडतो, आणि तो पट्टा ओलांडून तुम्ही शेजाऱ्याच्या पुढं गेलेले असता, त्यासाठीही.

आपल्याकडचा पाऊस धरला तर मॅट आणखी गरजेची. जून ते सप्टेंबर आपल्या लाल मातीचं काय होतं ते सांगायला नको. वरनं पडलेला बॉल अर्धा आत रुततो, गाडी फिरवली तर चाकं रुततात, मग हातानं वेचायचं म्हणजे तेवढा वेळ सगळ्यांचे फटके बंद. पावसाळ्यात कुठं वेळ कमी केलेली दिसली, ‘फक्त मॅट’ अशी पाटी दिसली तर कारण हे.

आणि वळीव? एप्रिल-मेमध्ये दुपारी आभाळ भरून येतं, गडगडाट सुरू होतो, तेव्हा हातात धातूची काठी घेऊन मोकळ्या रानासमोर उभं राहणं शहाणपणाचं नाही. गोल्फच्या अधिकृत नियमातसुद्धा विजेच्या धोक्यासाठी खेळ तात्काळ थांबवला तर चालू असलेला होल पुरा करायचीही परवानगी नाही, आहे तिथं थांबायचं. रेंजवर भोंगा वाजला की क्लब खाली ठेवून शेडमधनं इमारतीत जायचं. राहिलेल्या बॉलचे पैसे परत मिळतील का हे मात्र ठिकाणावर आहे, कार्ड असेल तर शिल्लक बहुतेक राहते, टोपलीत ओतून घेतलेले बॉल मात्र गेले समजा. आभाळ बघून अर्धीच टोपली घ्या.

लहान मुलं आणि लाल रेघ

बेच्या मागं एक रेघ असते, मारणारा सोडून सगळ्यांनी तिच्या मागं. लोकांना वाटतं धोका समोरून येणाऱ्या बॉलचा, पण मुलांना होणाऱ्या जखमा जास्त करून क्लब लागून होतात. बापानं क्लब मागं नेला, पोरगं कौतुकानं जवळ आलं, संपलं. मारणाऱ्याला मागचं दिसतच नाही, त्याची नजर बॉलवर. या एका नियमात अजिबात सूट मागू नका, फोटो काढायलासुद्धा. मॅटवरनं बॉल घरंगळून दोन फूट पुढं गेला तरी वाकून घ्यायचा नाही, पाच रुपयांचा बॉल आहे, राहू दे की.

‘आणि कॉलरचा शर्ट? हा तर शुद्ध नखरा’

इथं मी वाद घालणार नाही. वरचे सगळे नियम बॉल, माती आणि माणसाचं डोकं यातनं आलेत, कपड्यांचा नियम तसा नाही. बंगळूर गोल्फ क्लब १८७६ चा, कोलकात्याचा रॉयल कलकत्ता १८२९ चा, म्हणजे हे क्लब साहेब लोकांनी साहेब लोकांसाठी काढलेले, त्यांची शिस्त तशीच चालत आली. जीन्स नको, गोल गळ्याचा टीशर्ट नको, चप्पल नको. यातलं चप्पल नको हे ठीक आहे, घसरायची भीती असते. बुटाच्या तळाला लोखंडी खिळे नकोत हेही ठीक, गवत फाटतं. बाकीचं क्लबचं आपलं आपलं. नव्या, धंद्यासाठी काढलेल्या रेंजवर एवढं बघत नाहीत, जुन्या क्लबात आणि लष्करी हद्दीतल्या मैदानांवर बघतात, शिवाय लष्कराच्या जागेत सिव्हिलियनला प्रवेश कसा, कुणाच्या ओळखीनं, ओळखपत्र कुठलं, हे गेटवर विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. मला विचाराल तर शर्ट घालून जावा, एवढ्याशा वादात सकाळ घालवू नये, पण हा नियम सुरक्षेसाठी आहे असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका.

‘मी मित्राला शिकवलं तर कुणाचं काय जातं?’

सहज दोन गोष्टी सांगितल्या तर कुणाचं काही जात नाही. पैसे घेऊन शिकवायला लागलात, किंवा बाहेरचा कोच घेऊन गेलात, तर रेंजवाला अडवतो, कारण तिथल्या कोचकडनं त्याला वाटा मिळतो आणि जबाबदारीही त्याची. मुलाला लावायचं असेल तर कोचच्या फीमध्ये बॉल धरलेत का हे आधी विचारा, बऱ्याच घरात भांडण इथंच होतं, महिन्याची फी भरून आलो म्हणून बाबा खूश आणि रोज टोपलीचे वेगळे.

मुलगा पुढं स्पर्धेला गेला तर आणखी एक सांगून ठेवा. स्ट्रोक प्लेच्या, म्हणजे एकूण फटके मोजायच्या स्पर्धेत, त्या दिवशी राऊंडच्या आधी कोर्सवर सराव केला तर दंडाचे फटके लागतात, दुसऱ्यांदा केला तर थेट बाद. रेंजवर मात्र हवा तेवढा करता येतो, पहिल्या टीजवळ, म्हणजे जिथनं पहिला फटका मारतात तिथं, थोडं पटिंग-चिपिंगही (चिपिंग म्हणजे जवळनं बॉल हलकाच उडवणं) चालतं.

‘मग गच्चीवरच नेट लावलं तर?’

लावा की. अनगोळ-वडगावच्या गच्च्या त्यासाठी पुरेशा आहेत आणि सुरुवातीला बॉल किती लांब गेला यापेक्षा क्लबच्या तोंडाच्या मधोमध लागला का हेच शिकायचं असतं, ते नेटमध्येही कळतं. फक्त क्रिकेटचं जुनं नेट वापरू नका. गोल्फचा बॉल ४२.६७ मिलिमीटरचा, यापेक्षा लहान चालत नाही असा नियम, आणि क्रिकेटच्या नेटची भोकं बरेचदा त्याहून मोठी असतात, शिवाय चार उन्हाळे खाल्लेलं नेट पहिल्याच जोरदार फटक्याला सुटतं. गोल्फसाठी बारीक जाळीचं नेट मिळतं, ते भिंतीपासून दोन-तीन फूट सोडून ढिलं बांधायचं, ताणून बांधलं तर बॉल तेवढ्याच जोरात परत येतो. पहिला महिना फोमचे बॉल घ्या, ते फार लांब जात नाहीत, आणि शेजाऱ्यांच्या गच्चीवरची सिंटेक्सची टाकी शाबूत राहते.